मसाई पठारावरचा वारा आणि माझी डिस्क

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर आम्ही डिस्क गोल्फ खेळतो, म्हणजे एखादा दगड नेमून कमीत कमी फेकींत चकती तिथवर पोचवायची. मी उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेत, फेकतो. समोरून वारा आला की माझी १५० ग्रॅमची ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, उजवीकडे कलंडायची, ती परत वळायचीच नाही. हात चुकतोय म्हणून महिनाभर फेक बदलत बसलो. मग एकदा कडेवरून अंगठा फिरवला. जांभ्यावर आपटून कड पार खरवडलेली, बोटाला कुसळासारखी टोचत होती. साधं प्लॅस्टिक असं लवकर झिजतं, आणि झिजलेली डिस्क आणखी कलंडते.

त्याच साच्यातली १७३ ग्रॅमची, चिवट प्रीमियम प्लॅस्टिकची घेतली. आता वाऱ्यातही सरळ जाते, शेवटी डावीकडे उतरते. जुनी ठेवलीय, वारा पडला की कमी जोरातही छान तरंगते, म्हणून धाकट्याला तीच देतो.