फ्रीज दुरुस्ती शिकताना: गॅसवर संशय सगळ्यात शेवटी

फ्रीज थंड करत नाही म्हटलं की ग्राहकाच्या तोंडून पहिलं वाक्य येतं, "गॅस संपला असेल." नवखा मेकॅनिकही त्याच्याच मागे जातो आणि फसतो. फ्रीजमधला गॅस वापरून संपत नाही. सीलबंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा त्याच वाटेनं जातो. बहुतेक तक्रारी मात्र हवा, बर्फ, रबर किंवा विजेच्या असतात. तिथे नळी कापणं म्हणजे दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. शिवाय एकदा उघडलेली नळी नीट बंद झाली नाही, तर चांगला फ्रीज तुमच्याच हातून बिघडतो.

आधी तक्रार नीट ऐका. "थंड होत नाही" याचे निदान तीन अर्थ होतात: वरखाली दोन्हीकडे गारवा नाही, फ्रीझरमध्ये बर्फ जमतो पण खालचा भाग कोमट आहे, किंवा काही तास छान चालतो आणि मग बसतो. तिन्हींची कारणं वेगळी. त्यानंतर तापमान मोजा. हात लावून अंदाज करू नका आणि नुसत्या हवेचंही मोजू नका, कारण दार उघडताच ते बदलतं. मधल्या फळीवर ग्लासभर पाणी ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा आणि आठ-दहा तासांनी वाचा. ३ ते ४ अंश सेल्सिअस हवं. फ्रीझरमध्ये उणे १८ च्या आसपास.

बाहेरच्या गोष्टी पटकन आटपतात. मागची जाळी (कंडेन्सर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या) धुळीनं भरली असेल तर प्लग काढून मऊ ब्रशनं साफ करा. भिंतीपासून काही इंच मोकळी जागा ठेवा. जाळी दिसतच नसेल तर कंडेन्सर बाजूच्या पत्र्याआड आहे. तिथे बाजू गरम लागणं हा बिघाड नव्हे, आणि तिथे स्क्रू मारायचा नाही. दाराच्या गॅस्केटमध्ये (कडेच्या रबरात) कागदाची पट्टी अडकवून ओढा. चारही बाजूंनी फिरवत बघा. जिथे पट्टी अलगद निसटते तिथून दमट हवा आत शिरते. रबर फाटलं नसेल, नुसतं वाकलं असेल, तर कोमट साबणपाण्यानं पुसून हेअर ड्रायरनं हलकं गरम केलं की बऱ्याचदा मूळ आकारात येतं.

आता कॉम्प्रेसर. तो घुर्र करतो, काही सेकंदांत 'टक्' आवाज येतो, काही मिनिटांनी पुन्हा तेच. म्हणजे मोटर सुरू होऊ शकत नाहीये आणि ओव्हरलोड (मोटर तापली की वीज तोडणारा भाग) तिची वीज तोडतोय. लगेच कॉम्प्रेसर गेला असं जाहीर करू नका. पहिल्यांदा प्लगपाशी व्होल्टेज बघा, तेही कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करत असताना. ढिल्या सॉकेटमध्ये नेमकं तेव्हाच व्होल्टेज कोसळतं. मग प्लग काढून पीटीसी रिले (मोटर सुरू करून देणारा छोटा भाग) बाहेर घ्या आणि कानाशी हलवा. आत खुळखुळलं तर चकती फुटली आहे. रिले स्वस्त असतो, बदलून बघायला हरकत नसते. चालू असलेला कॉम्प्रेसर बंद करून लगेच सुरू केला तरीही तो उठत नाही, कारण पीटीसी अजून गरम असतं आणि दोन्ही बाजूंचा दाब समान झालेला नसतो. पाच मिनिटं थांबा.

रिले ठीक असेल तर मल्टिमीटर लावा. कॉम्प्रेसरच्या तीन पिना सी (कॉमन), एस (स्टार्ट) आणि आर (रन). सी-आर मध्ये सगळ्यात कमी रोध, सी-एस मध्ये त्याहून जास्त आणि एस-आर मध्ये या दोघांची बेरीज. उदाहरणार्थ १२, १८ आणि ३० ओहम. बेरीज जुळत नसेल तर वाइंडिंगमध्ये दोष आहे. कुठलीही पीन आणि रंग खरवडलेली तांब्याची नळी यांमध्ये वाचन आलं तर कॉम्प्रेसर बॉडीला लागला आहे. त्याला वीज देऊन बघायचं धाडस करू नका. आणि बेरीज जुळली म्हणजे कॉम्प्रेसर चांगलाच, असंही नाही. जॅम झालेल्या कॉम्प्रेसरचे ओहम अगदी बरोबर येतात.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला हा हिशेब लागू होत नाही. त्याच्या तिन्ही वाइंडिंगचा रोध जवळपास सारखा असतो आणि त्याला वीज फ्रीजमधल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाकडून मिळते. थेट मेन्स जोडली तर मोटर जळेल. बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही वेळ जीवघेणा विद्युतदाब राहतो, तेव्हा आधी मोजा, मगच हात घाला.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीज हा शिकाऊंना सगळ्यात जास्त चकवणारा प्रकार, म्हणून इथे सावकाश चला. त्यात गारवा बहुधा एकाच ठिकाणी तयार होतो, फ्रीझरच्या पॅनेलमागच्या थंड कॉइलवर (इव्हॅपोरेटर). तिथला पंखा तो डक्टमधून खाली ढकलतो. कॉइलवर बर्फ साचणारच, म्हणून काही तासांनी टायमर किंवा बोर्ड कॉम्प्रेसर थांबवून हीटर लावतो आणि बर्फ वितळवतो; हेच डीफ्रॉस्ट. ही साखळी कुठेही तुटली की बर्फ वाढत जातो आणि हवेची वाट बुजते. मग फ्रीझर बरा आणि खाली कोमट, ही ओळखीची तक्रार येते. सगळा फ्रीज रिकामा करून दिवसभर उघडा ठेवल्यावर काही दिवस झकास चालला आणि पुन्हा तेच झालं, तर दोष डीफ्रॉस्टचाच धरून चाला.

पॅनेल काढा आणि बर्फाचं रूप बघा. हातातल्या कुठल्याही मीटरआधी तेच निदान सांगतं. अख्खी कॉइल जाड बर्फात गाडलेली असेल तर डीफ्रॉस्ट बंद आहे. पहिल्या एक-दोन वेढ्यांवरच पांढुरकं आणि बाकी कोरडं असेल तर गॅस कमी आहे किंवा कॅपिलरी (गॅस ज्यातून कॉइलमध्ये शिरतो ती अगदी बारीक नळी) चोक होते आहे, म्हणजे तुंबते आहे. कॉइलवर सारखा, पातळ थर आणि तरी खाली गारवा नाही? पंखा किंवा डॅम्पर (डक्टमधून हवा सोडणारी झडप). पंखा तपासताना दाराचा स्विच दाबून धरा, नाहीतर दार उघडलं म्हणून थांबलेल्या पंख्याला तुम्ही मेलेला ठरवाल.

डीफ्रॉस्टचे भाग मोजताना एक घोटाळा नेहमी होतो. बायमेटल (तापमानानुसार हीटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) टेबलावर ठेवून मोजलं तर ते उघडं दिसतं, आणि चांगला भाग कचऱ्यात जातो. ते गार असतानाच जोडलेलं असतं. दुसऱ्या फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेवा, बाहेर काढताच मोजा. थर्मल फ्यूज मात्र कुठल्याही तापमानाला जोडलेलाच हवा. एकदा उडाला की बदलायचा, तार मारून जोडायचा नाही, कारण हीटर अडकला तर प्लॅस्टिक वितळण्यापासून वाचवणारा तोच एक आहे. हीटरचा अपेक्षित रोध गणितानं काढता येतो: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टचा १५० वॅटचा हीटर साधारण ३५० ओहम दाखवेल. बायमेटलऐवजी तापमानाचा सेन्सर असेल तर तो बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य अंशाचं वाचन घ्या आणि त्या मॉडेलच्या तक्त्याशी ताडा. बहुतेक सेन्सरचा रोध थंडीत वाढतो.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर निचऱ्याचं भोक तुंबलं आहे. सिरिंजनं कोमट पाणी सोडा, तार खुपसू नका. बर्फ सुरीनं खरवडणं तर कायमचं वर्ज्य. ॲल्युमिनियमच्या इव्हॅपोरेटरला सुईएवढं भोक पडलं तरी सगळा गॅस जातो. हाताने डीफ्रॉस्ट करायच्या फ्रीजमध्ये थर पाच-सहा मिलिमीटर झाला की बटण दाबा आणि वाट बघा.

एवढं सगळं बरोबर निघालं, तरच गॅसकडे वळा. एक चकवा इथेही आहे. फ्रीज तासन्‌तास छान चालतो, बसतो, बंद ठेवला की पुन्हा चालतो. हा ओलाव्याचा चोक: नळीत राहिलेलं पाणी कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतं. गारवा थांबलेला असताना त्या जागी गरम पाण्यात पिळलेलं फडकं धरा. गॅस वाहू लागल्याचा आवाज परत आला तर निदान पक्कं. वरून गॅस भरून हा दोष जात नाही.

कुठला गॅस ते प्लेटवर वाचा. आर-१३४ए जळत नाही, पण त्याच्यासोबतचं पीओई (पॉलिओलेस्टर) तेल हवेतली ओल ओढून घेतं. नळी उघडी टाकून दुसऱ्या कामाला जाऊ नका. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, तो जळतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. खिडक्या उघडा, ज्योत आणि ठिणगी लांब ठेवा, गॅस नळीनं बाहेर मोकळ्या हवेत सोडा आणि नळ्यांतून नायट्रोजन फिरवून उरलासुरला गॅस घालवल्यावरच टॉर्च (नळ्या जोडायचा ज्योतीचा दिवा) पेटवा; त्याआधी कापायचं ते ट्यूब कटरनं. चालू असताना याचा लो-साइड (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या बाजूचा) दाब वातावरणापेक्षाही कमी असतो. त्यामुळे त्या बाजूला गळती असेल तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते आणि लीक डिटेक्टर गप्प बसतो. गळती नायट्रोजनच्या दाबाखाली, साबणाच्या फेसानं शोधा. ऑक्सिजन कधीच भरू नका. तेलाशी मिळून स्फोट होतो.

सिस्टिम उघडली की फिल्टर ड्रायर (ओल आणि कचरा अडवणारा भाग) नवा लागतो, त्यात वाद नाही. मग व्हॅक्युम पंप लावून दाब ५०० मायक्रॉनच्या (निर्वात मोजायचं माप) खाली आणा आणि पंप बंद करून काटा चढतो का ते बघा. साध्या गेजवर मायक्रॉन दिसत नाहीत, त्यासाठी वेगळा मीटर घ्यावा लागतो. गॅस दाबावरून नव्हे, वजनावर भरा. आयसोब्युटेनचा चार्ज अनेक घरगुती फ्रीजमध्ये ४० ते ७० ग्रॅमच असतो, तेव्हा ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा. जास्त भरला तर परतीच्या नळीवर कॉम्प्रेसरपर्यंत बर्फ चढतो.

शिकणाऱ्यानं पहिले काही महिने टॉर्चला हात न लावता मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर आणि थर्मामीटर यांवरच घालवावेत. भंगारातल्या बंद कॉम्प्रेसरच्या पिना ओळखा, जुनी बायमेटलं गार करून मोजा. ब्रेझिंग (ज्योतीनं धातू वितळवून नळ्या जोडणं) आधी तुकड्यांवर शिका. तांबं ते तांबं सोपं, तांबं ते ॲल्युमिनियम अवघड, आणि ज्वलनशील गॅसच्या कामात ज्योत नको असेल तिथे दाबून बसवायची लॉकरिंग जोडणी वापरतात. प्रत्येक कामानंतर कॉम्प्रेसरवर पट्टी चिकटवून त्यावर गॅसचा प्रकार, ग्रॅम, तारीख आणि बदललेले भाग लिहा. पुढच्या वेळी पॅनेल उघडणारा कदाचित दुसरा कुणी असेल, आणि आर-६००ए असलेल्या नळीवर त्यानं न वाचता ज्योत धरू नये.