जागतिक धर्मांचा अभ्यासक्रम कसा अभ्यासावा: कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांसाठी

जागतिक धर्मांचा अभ्यासक्रम घेतल्यावर संस्थापक, ग्रंथ आणि तत्त्वे यांचा तक्ता पाठ करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण हिंदू परंपरेला एक संस्थापक नाही आणि ज्यू धर्मात आचाराला फार मोठे स्थान आहे, त्यामुळे असे रकाने लवकरच अपुरे पडतात. वाचनाला प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड द्यावी. अंबाबाईचे मंदिर, लक्ष्मीसेन जैन मठ, बाबुजमाल दर्गा आणि वायल्डर मेमोरियल चर्च ही सारी कोल्हापुरातच आहेत. जाण्यापूर्वी परवानगी, पोशाख आणि छायाचित्रणाचे नियम विचारून घ्यावेत, प्रार्थना चालू असताना वही बंद ठेवावी, आणि बाहेर आल्यावर आपण पाहिलेले, इतरांनी सांगितलेले व आपल्याला वाटलेले अशा नोंदी वेगवेगळ्या लिहाव्यात. परीक्षेत गोंधळ होतो तो बहुधा याच तिन्हींच्या सरमिसळीमुळे. स्वतःच्या घरातील धर्मावरचे टिपण शेवटी लिहावे, कारण तिथेच आपण पुराव्यावाचून विधाने करतो (आणि आजीचे म्हणणे शास्त्र म्हणून खपवतो). प्रकल्पासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी उभी राहिलेली वसतिगृहे हा विषय घ्यावा.