काडतूस ओळखायचंय? आधी बूड मोजा

फॉरेन्सिकच्या बॅलिस्टिक्स, म्हणजे शस्त्रं आणि काडतुसं तपासणाऱ्या विभागात रुजू होऊन मला दीड महिना झाला होता. सीलबंद पाकिटातून काडतुसाची एक रिकामी पुंगळी निघाली. पितळी, बुडाला बाहेर आलेली कडा, आणि वरपर्यंत जवळजवळ सरळ नळी. तोंडाकडून खाली एक उभी चीर गेलेली. नाल्याच्या चिखलात पडून राहिल्यामुळे बुडावर हिरवा गंज चढला होता, अक्षरं वाचता येत नव्हती. अशी कडा असलेली सरळ पुंगळी शोधत मी अख्खी दुपार संदर्भग्रंथ चाळले. कशाशीच जुळेना. शेवटी कच्च्या टिपणात लिहिलं, 'अज्ञात, बहुधा प्रायोगिक काडतूस.'

आमच्या मॅडमनी ते वाचलं आणि कॅलिपर माझ्या हातात दिला. "अगं, नाव नंतर ठेव. बुडाजवळ किती भरतंय ते सांग."

कडेच्या अगदी लगत साडेबारा मिलिमीटरच्या आसपास भरलं. लांबी पन्नासच्या जरा आत. मग मॅडमनी मला पुंगळी तिरप्या उजेडात धरायला लावली. दिवा अगदी आडवा आणला, आणि गंजाखालून 'के' या इंग्रजी अक्षराचा एक पाय दिसला.

ते .३१५ बोरचं काडतूस होतं. आपल्याकडच्या परवान्याच्या रायफलींत सर्रास वापरलं जाणारं, ऑस्ट्रियाच्या ८×५० मॅनलिखर काडतुसावरून आलेलं. ते गावठी कट्ट्यातून उडवलं होतं. कट्ट्याची नळी म्हणजे पुष्कळदा साधा पाइप. काडतूस बसतं ती जागा नीट कोरलेली नसते, सैल असते. मुळात ही पुंगळी बाटलीसारखी, वर खांदा आणि अरुंद मान असलेली. दाब वाढला की पितळ भिंतीला टेकेपर्यंत फुगतं, खांदा सपाट होतो, मान फाटते. बुडाजवळचा भाग मात्र जाड, जवळजवळ भरीव असतो, म्हणून तो फारसा बदलत नाही. ब्रिटिश सैन्याच्या .३०३ रायफलीच्या काडतुसालाही अशीच कडा असते, पण त्याचं बूड त्याच जागी ११.७ मिलिमीटरच्या आसपास भरतं आणि पुंगळी ५६ मिलिमीटर लांब असते. म्हणजे दोन मापांत प्रश्न सुटला होता, आणि मी दुपारभर पुस्तकांत आकार शोधत बसले होते.

या विषयात नव्याने येणाऱ्यांना मला हेच सांगायचं आहे. विचित्र दिसणारं काडतूस हाती आलं की 'प्रायोगिक' हा शब्द फार लवकर तोंडावर येतो. माझ्या टेबलावर आलेल्या विचित्र नगांपैकी बहुतेक नग साधीच काडतुसं निघाली. कुठे फुगलेली, कुठे कापलेली, कुठे सरावासाठी भोकं पाडलेली.

खरी प्रायोगिक काडतुसंही असतात, आणि त्यांनाही बुडाकडूनच गाठावं लागतं. नवं काडतूस घडवणारे सहसा शून्यातून सुरुवात करत नाहीत. हाताशी असलेली जुनी पुंगळी घेतात, ती आखूड करतात, मान आवळतात किंवा रुंदावतात. कारण बूड बदललं की बोल्ट, पुंगळी बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर, सगळंच बदलावं लागतं. ब्रिटनने ईएम-२ रायफलीसाठी .२८० म्हणजे ७×४३ काडतूस तयार केलं. त्याच्या पुढच्या रूपात कडेचा व्यास मुद्दाम अमेरिकन .३०-०६ इतका, म्हणजे साधारण १२ मिलिमीटर ठेवला होता. ती रायफल १९५१ साली स्वीकारली गेली आणि लगेच बाजूलाही पडली. नाटोने ७.६२×५१ पत्करलं, आणि त्याची कडाही तेवढीच. जर्मन मॉउझरचीही जवळपास तेवढीच. म्हणून १२ मिलिमीटर कडा, बाहेर न आलेली, असं दिसलं की मी एक मोठं कुळ डोळ्यांसमोर आणते आणि मग लांबी, खांदा, मान मोजत एकेक घर गाळत जाते. कुळ ठरलं की शोध दहा पानांवर येतो.

बुडावरच्या अक्षरांवर, म्हणजे हेडस्टॅम्पवर, मुलं फार भिस्त ठेवतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'केएफ' अक्षरं आणि भुसावळजवळच्या वरणगावची 'ओएफव्ही' अक्षरं महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला पाठ हवीतच. खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा, वरणगावचा १९६४ चा. .३०३ वर बहुधा साल आणि मार्क, म्हणजे आवृत्तीचा आकडा असतो. त्यापुढे 'झेड' असेल तर आतली दारू कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोजची. टोपी, म्हणजे बुडात बसवलेली, ठिणगी देणारी छोटी वाटी. तिच्याभोवतीच्या लाखेचा रंगही बोलतो. जांभळा साध्या गोळीचा, लाल ट्रेसरचा, म्हणजे उजेडाची रेघ सोडत जाणाऱ्या गोळीचा, हिरवा चिलखतभेदी गोळीचा. पण हेडस्टॅम्प सांगतो ती पुंगळी कुठे आणि केव्हा जन्मली ते. पुढे तिचं काय झालं ते सांगत नाही. ५.५६ मिलिमीटर रायफलीची पुंगळी कापून .३०० ब्लॅकआउट हे वेगळं काडतूस बनवणारे पुष्कळ आहेत, आणि त्या पुंगळीवर ५.५६ चाच शिक्का राहतो. म्हणून अक्षरं आणि मापं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. जुळत नसतील तर तसंच लिहा. ती विसंगती खोडू नका, बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

रिकाम्या पुंगळीत बारीक टॉर्च मारून तळ बघायची सवय लावा. मधोमध एक भोक असेल तर बॉक्सर पद्धतीची टोपी, दोन बारीक भोकं असतील तर बर्डन. बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेने बॉक्सरची टोपी उचलली आणि ब्रिटिश सैन्याच्या .३०३ मध्ये बर्डनची आली. हे एकदा लक्षात बसलं की विसरत नाही. लोहचुंबक लावा, म्हणजे पोलादी आहे का ते कळतं. सुटी गोळी मिळाली तर वजन करा. .३०३ मार्क ७ ची गोळी १७४ ग्रेन, म्हणजे ११.३ ग्रॅमच्या आसपास. एक ग्रेन साधारण अर्ध्या गुंजेएवढा. ती उभी कापली तर टोकाशी शिशाऐवजी ॲल्युमिनियम किंवा लाकडाचा लगदा दिसतो. टोक हलकं ठेवून भार मागे नेलेला असतो.

पुण्याच्याच एका काडतुसाबद्दल सांगायला हवं, कारण नव्यांची त्यावर हमखास गफलत होते. पाषाणच्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेने लहान कार्बाइनसाठी ५.५६×३० मिन्सास विकसित केलं. हाती आलं की काहींना ते आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलीचं, कापून आखूड केलेलं काडतूस वाटतं, तर काहींना बेल्जियमचं ५.७×२८. ५.७×२८ शी तुलना केली तर गोळीचा व्यास दोन्हींत जवळपास सारखा, पुंगळीच्या लांबीत जेमतेम एक मिलिमीटरचा फरक. इथे डोळ्यांच्या अंदाजावर विसंबणारा हमखास चुकतो.

जिवंत काडतूस मात्र नव्याने हाताळूच नये. घासून चकचकीत करू नये, पकडीने गोळी उपसू नये, तापवू नये. जुन्या वाड्याच्या माळ्यावर पणजोबांचं म्हणून काही सापडलं, तर ते खिशात घालून प्रयोगशाळेत 'दाखवायला' आणू नये. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय काडतूस बाळगणं गुन्हा आहे. जागेवरच राहू द्या आणि पोलिसांना कळवा. एका विद्यार्थ्याने कौतुकाने बसमधून असं काडतूस आणलं होतं. त्याला आणि त्याच्या वडिलांना त्यापायी सोसावा लागलेला त्रास मी जवळून पाहिला आहे.

शिकायचं कसं, असं मुलं विचारतात. मी अजूनही चित्र काढते. फोटो नियमाने काढायचाच, मोजपट्टीसकट, पण पेन्सिलीने बूड पाचपट मोठं काढताना फायरिंग पिनची खूण मधोमध आहे की सरकलेली, टोपी कडेपासून किती आत बसलीय, हे आपोआप दिसायला लागतं. त्या नाल्यातल्या पुंगळीचं चित्र माझ्या पहिल्या वहीच्या चौथ्या पानावर आहे. शेजारी 'प्रायोगिक' हा शब्द खोडलेला आहे, आणि त्याखाली मॅडमच्या अक्षरात दोनच आकडे आहेत, बुडाचा व्यास आणि लांबी.