पदवीवर वाद असलेल्या घरातल्या वंशावळकाराने आपले काम कसे करावे

सोलापूर जिल्ह्यात घराण्यांच्या वंशावळी जुळवून देणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न बहुधा त्याच्या स्वतःच्या आडनावावरून विचारला जातो. आमच्या घरी आजोबांपासून नावाआधी ‘सरदार’ लावण्याची रीत आहे, थोरली शाखा ती रीत मान्य करत नाही, आणि माझा व्यवसाय मात्र इतरांच्या सनदा, म्हणजे हक्क देणारी जुनी सरकारी पत्रे, तपासण्याचा आहे. अशा जागी बसलेल्या माणसाने दुसऱ्या घराबद्दल दिलेला निर्वाळा लोक त्याच्या घरच्या वादाशी जोडूनच वाचतात, आणि त्यात त्यांची काही चूकही नाही. म्हणून कागद शोधण्याची, वाचण्याची आणि निष्कर्ष मांडण्याची जी पद्धत अशा माणसाने पाळावी, ती येथे सांगतो. स्वतःच्या घराचे कागद त्याने परक्याच्या कागदांपेक्षा अधिक कडकपणे तपासावेत, हा त्या पद्धतीचा पाया आहे.

आरंभी वाद नेमका कशाचा आहे हे ठरवावे, कारण घरात ‘पदवी’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. देशमुखी हे परगण्याचे, म्हणजे अनेक गावांच्या महसुली विभागाचे, वतन होते. ते वंशपरंपरेने चालत असे, भावांमध्ये त्याच्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या, पडत, प्रसंगी ते गहाण पडे किंवा विकलेही जाई, त्यामुळे एकाच परगण्यात चार घरे स्वतःला देशमुख म्हणवीत असतील तर ती चारही खरी असू शकतात. सरंजाम हा फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला मुलूख असे आणि तो चालू ठेवणे सरकारच्या मर्जीवर अवलंबून असे. किताब व्यक्तीला मिळे. करमाळ्याच्या निंबाळकरांचा ‘रावरंभा’ हा किताब आपल्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे, पण एखाद्या पूर्वजाला असा किताब होता म्हणून तो प्रत्येक नातवाच्या नावाला आपोआप लागत नाही. चौथी गोष्ट म्हणजे मान. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि त्यांचा मान परंपरेने ठरलेला असतो, हे सोलापूरकराला वेगळे सांगावे लागत नाही. गावच्या पालखीपुढे किंवा पोळ्याच्या मिरवणुकीत आपले घर पहिले असते यावरून मान सिद्ध होतो, सरदारकी सिद्ध होत नाही. इंग्रजी अमलातल्या रावसाहेब आणि रावबहादूर या पदव्या तर केवळ हयातीपुरत्या होत्या. वाड्याच्या दगडी पाटीवर त्या कोरलेल्या असल्या तरी पुढच्या पिढीने त्या वापरण्याला आधार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात आटोपते. परगणा आणि कुलकर्णी वतने 1950 च्या मुंबई राज्याच्या कायद्याने संपली, राज्यघटनेच्या 18 व्या अनुच्छेदाने राज्याला सैनिकी किंवा शैक्षणिक सन्मानाखेरीज कोणताही किताब देता येत नाही, आणि 1971 च्या 26 व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखेही रद्द झाले. आज ‘पदवी कोणाची’ या प्रश्नाचे उत्तर इतिहासातून मिळू शकते. त्या उत्तराने जमीन किंवा पैसा मिळेल असे ग्राहकाला वाटत असेल, तर तो समज काम घेण्यापूर्वीच दूर करावा.

कागदांचा शोध आजपासून मागे न्यावा. पुष्कळ लोक शिवकाळातल्या एखाद्या पराक्रमी पुरुषापासून खाली येऊ पाहतात आणि मधल्या दोन-तीन पिढ्या अंदाजाने भरतात. वंशावळीतली बहुतेक खोटी माणसे तेथेच जन्माला येतात. सातबारा, जुने फेरफार, तहसीलच्या अभिलेख कक्षातली कोतवाल बुके आणि इनामपत्रके यांवरून एकेक पिढी बाप-लेक या नात्याने पक्की करत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोहोचावे. तेथे 1852 च्या अकराव्या कायद्याखाली काम करणाऱ्या इनाम कमिशनचे कागद हाती लागतात. त्या चौकशीत इनामदारांना आपल्या हक्काची कैफियत आणि वंशावळ सादर करावी लागे. अशी वंशावळ देणाऱ्याचा त्यात स्वार्थ होता हे विसरू नये. मात्र त्यानेच स्वतःच्या तोट्याची गोष्ट लिहून दिली असेल, उदाहरणार्थ थोरला भाऊ दुसऱ्या गावी नांदतो असे कबूल केले असेल, तर ते वाक्य दहा सनदांच्या मोलाचे समजावे. त्यामागचे पेशवाईतले कागद पुणे पुराभिलेखागारात रुमालांमध्ये बांधलेले आहेत, आणि तेथे जाण्याआधी परगणा, गाव व सनाचा अंदाज हाती नसेल तर दिवस वाया जातो.

आपल्या जिल्ह्यात एक अडचण विशेष आहे. आजचा सोलापूर जिल्हा पूर्वी एका सत्तेखाली नव्हता. अक्कलकोट हे स्वतंत्र संस्थान होते, मंगळवेढा सांगली संस्थानात होते, आणि तुळजापूर-नळदुर्गाच्या बाजूला निजामाचा मुलूख लागे. घराणे मंगळवेढ्याचे असेल तर इंग्रजी काळातला त्याचा कागद सोलापूरच्या कलेक्टर कचेरीत शोधून उपयोग नाही. त्यापूर्वीच्या आदिलशाही काळातले कागद पुष्कळदा फारसी आणि मराठी अशा दोन्ही मजकुरांचे असतात, दक्षिणेकडच्या तालुक्यांत कानडी कागदही भेटतात, तेव्हा मोडी येते एवढ्यावर विसंबून सर्व कागद वाचण्याचे कंत्राट घेऊ नये. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना मोठी मागणी आली आहे, आणि त्यांच्यात अक्षर ओळखणारे पुष्कळ, कागद ओळखणारे थोडे, असे चित्र दिसते.

हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी पिढीजात नोंदवणारा फिरता माणूस; त्याची वही हा आपल्या भागातला मोलाचा पुरावा आहे. सुगीनंतर बैल घेऊन येणारा हेळवी घराच्या ओट्यावर बसून मूळ गाव, कुलदैवत आणि बापापासून लेकापर्यंतची नावे एका लयीत वाचून दाखवतो, नव्याने जन्मलेल्या मुलांची नावे लिहून घेतो, धान्य आणि कापड घेऊन पुढच्या घराकडे जातो. त्याच्या वहीचा पिढ्यांच्या क्रमासाठी चांगला उपयोग होतो, सनासाठी फारसा होत नाही, आणि मुलींची नावे तीत क्वचितच सापडतात. वही वाचताना आपल्याला ठाऊक असलेली नावे त्याला आधी सांगू नयेत. पंढरपूर आणि तुळजापूरच्या उपाध्यायांकडील वह्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजांची नावे मिळतात. तेथे पूर्वजाने स्वतःचा उल्लेख कसा केला आहे हे पाहावे. आज ‘राजे’ म्हणवणाऱ्या घराचा पणजोबा देवाच्या दारी केवळ ‘पाटील’ म्हणून लिहिला गेला असेल, तर ती नोंद अहवालातून वगळता येणार नाही.

सनद हाती आली की मजकुराआधी तारीख तपासावी. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असे शब्द असतील तर इहिदे म्हणजे 1, सबैन म्हणजे 70, मया म्हणजे 100 आणि अलफ म्हणजे 1000, एकूण 1171. हा सन मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास बदलतो, म्हणून त्यात 599 मिळवून 1770 च्या जूनपासून 1771 च्या जूनपर्यंतचे वर्ष धरावे. ‘छ’ या अक्षरापुढे दिलेला चंद्र, म्हणजे महिन्यातल्या दिवसाचा आकडा, आणि मुसलमानी महिना यांवरून त्या वर्षातला दिवस काढता येतो. शकाची तपासणी आणखी सोपी आहे. शकाच्या आकड्यात 12 मिळवून 60 ने भागावे, जी बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. शिवराज्याभिषेकाच्या शके 1596 मध्ये 12 मिळवले की 1608 होतात, 60 ने भागून 48 उरतात, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद आहे. राज्याभिषेक आनंदनाम संवत्सरातच झाला होता. आता कोणी शके 1670 ची आनंदनाम संवत्सरातली सनद पुढे केली, तर बाकी 2 उरते आणि तो संवत्सर विभव असायला हवा. एवढ्यावरून सनद बनावट ठरवण्याची घाई मात्र करू नये, कारण नक्कल करणाऱ्या कारकुनाच्या हातूनही संवत्सर चुकू शकतो. अशा कागदाची अस्सल प्रत किंवा दप्तरातली नोंद मागावी, आणि ती मिळेपर्यंत कागद बाजूला ठेवावा.

शिक्क्याचे वाचन यानंतर करावे. ‘श्रीराजा शाहू नरपति हर्षनिधान’ अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपती आणि प्रधान या दोघांची नावे असतात. शाहू महाराज 15 डिसेंबर 1749 रोजी वारले, त्यामुळे 1755 च्या सनदेवर शाहूंच्या नावाचा शिक्का दिसला तर शंका घ्यावीच लागते. परंतु 1777 पासून 1808 पर्यंत सातारच्या गादीवर दुसरे शाहू होते, आणि हे माहीत नसल्यामुळे पुढच्या काळातला खरा शिक्का खोटा ठरवणारेही भेटतात. शिक्का, सन, आणि ज्याच्या नावे सनद आहे तो माणूस त्या वर्षी हयात होता काय, या तिन्हींचा मेळ बसल्यावरच मजकुरातल्या पदवीकडे वळावे.

पदवीचा वाद पूर्वीही झाला असेल तर त्याचे कागद मुद्दाम शोधावेत, कारण जुन्या काळी भाऊबंदांची भांडणे आजच्यापेक्षा व्यवस्थित लिहून ठेवलेली आहेत. दोन्ही पक्ष आपापला करीना देत, त्यात घराण्याचा मूळ पुरुषापासूनचा वृत्तांत असे. गोतापुढे, म्हणजे भाऊबंद आणि वतनदारांच्या सभेपुढे, महजर हा निवाड्याचा लेख होई, त्यावर पाटलाची नांगराची निशाणी आणि इतर वतनदारांच्या निशाण्या उमटत. निकालाचे निवाडपत्र आणि हरणाऱ्याने हार कबूल केल्याचे येजितखत मागे राही. आपल्या शाखेचा करीना घरात जपलेला असतो आणि समोरच्या शाखेचा करीना पाहण्याची कोणाला गरज वाटत नाही. वंशावळकाराने आधी तोच मिळवावा. वडीलकी कोणाची हा प्रश्न बहुधा तेथेच सुटतो, किंवा निदान तो कोणत्या पिढीत निर्माण झाला हे तरी कळते.

दत्तकाकडे विशेष लक्ष द्यावे. अक्कलकोटचे संस्थानच याचे उत्तम उदाहरण आहे. 1707 मध्ये शाहू महाराजांनी पारद येथील लोखंडे पाटलांचा मुलगा राणोजी पदरी घेतला, त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले, त्याला भोसले हे आडनाव दिले, आणि पुढे अक्कलकोटची गादी त्याच्याकडून चालली. तेथे पदवीची ओळ एक आणि रक्ताची ओळ दुसरी आहे, तरी गादी खरीच आहे. लहान घराण्यांतही असे दत्तक झालेले असतात आणि भाऊबंदकीत ते दडवले जातात किंवा टोमण्यासारखे वापरले जातात. वंशावळीच्या तक्त्यात दत्तकाची रेघ तुटक काढावी, त्याच्या जन्मघराचे नाव शेजारी लिहावे, आणि सरकारने दत्तक मंजूर करून नजर, म्हणजे नजराणा, घेतल्याचा कागद असेल तर त्याचा क्रमांक द्यावा.

आता स्वतःच्या घराविषयी. आपले कागद आपण वाचू नयेत, हे मी नियम म्हणून पाळतो. छायाचित्रांतली नावे कागदी पट्टीने झाकून ती दुसऱ्या मोडी वाचकाकडे द्यावीत, त्याचे वाचन लेखी घ्यावे आणि त्यात स्वतःच्या हाताने एक अक्षरही सुधारू नये. घड्या उलगडण्याआधी छायाचित्र काढावे, कारण सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात जुना हातकागद घडीवरच तुटतो. प्लास्टिकचे लॅमिनेशन आणि चिकटपट्टी यांना तर कागदाजवळही येऊ देऊ नये. व्यवसायाच्या पत्रावर, पाटीवर आणि अहवालाच्या सहीत वादग्रस्त पदवी लावू नये. घरच्या लग्नपत्रिकेवर वडीलधाऱ्यांनी ती छापली तर वाद घालण्याचे कारण नाही, फक्त ती पत्रिका पुढे कोणी पुरावा म्हणून आणली तर ती स्वीकारू नये. आपल्याच परगण्यातल्या वतनाचे काम आले आणि त्याच्या निकालाने आपल्या घराचा दावा बळकट किंवा कमजोर होणार असेल, तर ते काम दुसऱ्याकडे पाठवावे. मोबदला वाचलेल्या पानांवर आणि लागलेल्या दिवसांवर ठरवावा. ‘पदवी निघाली तर इतके’ असा व्यवहार ठरला की पदवी निघतेच.

अहवालात प्रत्येक विधानापुढे ‘कागदाने सिद्ध’, ‘संभवनीय’ किंवा ‘घरात सांगितले जाते’ यांपैकी एक शेरा असावा. माझ्या घराच्या अहवालात ‘सरदार’ या शब्दापुढे तिसरा शेरा आहे आणि देशमुखीच्या निम्म्या तक्षिमेपुढे पहिला आहे. वडिलांना हे आवडले नाही, पण निम्मी तक्षीम कागदावर आहे हे वाचून थोरल्या शाखेलाही ते फारसे आवडले नाही. अहवालाची एक प्रत विरुद्ध शाखेला पोचपावती घेऊन द्यावी, हरकतीसाठी मुदत लिहून द्यावी, आणि त्यांनी नवे कागद दाखवले तर ते पुरवणीत क्रमांक देऊन जोडावेत. मूळ अहवालातला मजकूर खोडू नये; जो शेरा बदलावा लागेल तो पुरवणीत कारणासह बदलावा आणि ती पुरवणी दोन्ही शाखांना एकाच दिवशी पाठवावी.