कमरेत नस दबलीय आणि हाडंही ठिसूळ, मग नेमकं काय करायचं?

साठी ओलांडलेल्या बऱ्याच बायकांच्या फायलीत हे दोन रिपोर्ट शेजारीशेजारी सापडतात, एमआरआयवर एल४-एल५ ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) कॅनल स्टेनोसिस, म्हणजे नसांची नळी अरुंद झालेली, आणि डेक्सावर, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनवर, ठिसूळ हाडं. पंचाईत अशी की एकाला जे मानवतं ते दुसऱ्याला चालत नाही.

आधी डेक्सा नीट वाचा. टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत तुमची घनता किती, तो आकडा) उणे १ पर्यंत नॉर्मल, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ, मधलं ऑस्टिओपेनिया, म्हणजे थोडी विरळ. पण मणके झिजलेले असले की कडेला हाड वाढलेलं असतं, मशीन तेही मोजतं आणि कमरेचा आकडा उगाच चांगला येतो, म्हणून कमरेचा उणे ०.८ बघून खूश होऊ नका, खाली खुब्याचा असतो तो बघा, तो उणे २.६ असेल तर तोच धरायचा. खुब्याचा काढलाच नसेल तर मागून घ्या. कॅम्पमध्ये टाचेला मशीन लावून फुकट सांगतात ना, त्यावर गोळ्या सुरू करायच्या नाहीत.

आता व्यायाम, इथेच खरा घोळ होतो. पुढे वाकलं की नळी जरा मोकळी होते, म्हणून तर मंडईत चालताना पोटऱ्या भरून येतात, कट्ट्यावर बूड टेकलं की उतरतं आणि मॉलमध्ये ट्रॉलीवर रेलून मात्र आरामात फिरता येतं. (नुसतं उभं राहूनही उतरत असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासा, तो मामला वेगळा.) पण ठिसूळ मणका पुढे वाकून जोर दिला की चेपू शकतो, त्यामुळे पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, सिट-अप्स बंद, आणि भुजंगासनाने नळी अजून आवळते म्हणून तेही नको, योगा क्लासच्या मॅडमना हे आधीच सांगून ठेवा, सगळ्यांना एकच सेट देतात त्या. मग उरतं काय? ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठबस, काठी घेऊन थोडं थोडं चालणं, मध्ये बसायचं, लाज कसली त्यात. सायकलिंग स्टेनोसिसला छान पण हाडांवर भार पडत नाही, म्हणून नुसत्या सायकलवर भागवू नका. पाण्याची बादली वाकून उचलायची नाही, अर्धी भरून स्टुलावर ठेवा.

ठिसूळ हाडांसाठी अ‍ॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी असेल तर सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहासुद्धा नाही, कॅल्शियमची गोळी तर नंतरच.

कमरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन वारंवार सुचवलं तर हाडांचा रिपोर्ट समोर ठेवा. स्क्रू टाकायचं ऑपरेशन ठरत असेल तरी तेच, कारण ठिसूळ हाडात स्क्रू सैल पडू शकतात, काही सर्जन आधी हाडं भरायची औषधं देऊन मगच तारीख देतात.

लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडलं, तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा.