ऑटोस्विचमधला नंबर गेलेला ट्रान्झिस्टर बदलायच्या आधी

मे महिन्यात रावेर-यावल पट्ट्यात केळीचं पाणी थांबवून चालत नाही, त्यामुळे लाईट आली की मोटर आपोआप चालू करणाऱ्या ऑटोस्विचचा बोर्ड दुरुस्तीला येतो तो घाईतच. रिले (कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच) ओढत नाही, शेजारचा तीन पायांचा काळा ट्रान्झिस्टर पोटाला फुटलेला, नंबर गायब. शेतकरी समोर उभा असला तरी सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी दहा मिनिटं तयारीला द्या.

शेतावरच पेटी उघडायची असेल तर मेन पाडा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. लाईट कधी येईल सांगता येत नाही. बोर्डावर ट्रान्सफॉर्मर नसेल आणि कपॅसिटरच व्होल्टेज उतरवत असेल, तर निगेटिव्ह पट्टीलाही मेनचा झटका बसतो. असा बोर्ड टेबलावर मेनला जोडू नका. कपॅसिटर रिकामे करून बाहेरून १२ व्होल्टचा सप्लाय लावा.

जवळ डायोड रेंज असलेला मल्टिमीटर, २५ वॅटचं आयर्न, सोल्डर पंप, स्पिरिट, कापूस आणि टॉर्च असू द्या. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, चपटी बाजू कुठे आहे ते दिसेल असा.

आता नंबर. अंगावर स्पिरिट फिरवा आणि ओलं असतानाच टॉर्च तिरका धरा. पुसट अक्षरं क्षणभर उठून दिसतात. सी१८१५ दिसलं तर तो २एससी१८१५, जपानी पद्धतीत पुढचं २एस छापत नाहीत. काहीच दिसलं नाही तर बोर्डाला विचारा. जो पाय रिलेच्या कॉइलला आणि डायोडला जातो तो कलेक्टर, जो निगेटिव्ह पट्टीला तो एमिटर, रेझिस्टरमागे लपलेला तो बेस. कॉइलचं दुसरं टोक १२ व्होल्टला असेल तर ट्रान्झिस्टर एनपीएन जातीचा. जळालेल्याचे पाय मोजून खरं कळत नाही, पण बोर्डावर दुसरी रिले असली तर तिचा चांगला ट्रान्झिस्टर काढून मोजा: लाल प्रोब बेसवर, दोन्हीकडे ०.६ ते ०.७ व्होल्ट, आणि किंचित जास्त येतो तो एमिटर.

बदलीला बीसी३३७ माझ्या पसंतीचा. कॉइल ४०० ओहमची असेल तर करंट ३० मिलीअँपियर. १०० मिलीअँपियरचा बीसी५४७ही चालतो, पण उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत मला जास्त ताकदीचा बरा वाटतो. पाय मात्र पुन्हा तपासा. चपटी बाजू समोर धरली की या दोघांचे डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. सी१८१५चे एमिटर, कलेक्टर, बेस.

सोबत १एन४००७ डायोड आणाच. एका बोर्डात मी लागोपाठ दोन नवे ट्रान्झिस्टर घातले, दोन्ही गेले. कॉइलवरचा डायोड आतून तुटलेला होता. रिले सुटताना कॉइल जो उलटा दणका देते, तो सगळा ट्रान्झिस्टरवरच येत होता. डायोडचं एक टोक उचलून मोजा. बेसचा रेझिस्टरही मोजा.

शेवटी १२ व्होल्ट लावून १ किलोओहममधून बेसला ५ व्होल्ट द्या. रिले टक् करून ओढली पाहिजे आणि कलेक्टर-एमिटरमध्ये ०.३ व्होल्टच्या आत उरलं पाहिजे. एक-दीड व्होल्ट उरत असेल तर पाय उलटसुलट लागलेत का पाहा. वीस-पंचवीस वेळा ओढवून सोडवा, ट्रान्झिस्टरला बोट लावा. गार लागला तर बोर्ड पेटीत बसवा.