पाऊण इंची सॉकेटने सुटलेला नट

पुढच्या चाकाचं बेअरिंग घुंईऽ करायला लागलं, तेव्हा ते घरीच बदलायचं ठरवलं. सगळं अडलं अ‍ॅक्सलच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) ३२ मिमी नटावर. अर्धा इंची ब्रेकर बारला (लांब दांड्याचा पाना; अर्धा किंवा पाऊण इंच हे नटाचं नव्हे, तर सॉकेट, म्हणजे नटावर बसणारी वाटी, ज्यावर अडकते त्या चौकोनाचं माप) पाइप लावून जोर दिला, तर नट जागचा हलेना आणि बारच्या टोकाचा चौकोन मात्र जिलबीसारखा पिळला. वर अर्ध्याचा पाऊण करणारा अ‍ॅडॉप्टर लावून पाहिला. तोही कटकन तुटला. तुटणारच, कारण जोर शेवटी त्याच अर्ध्या इंचातून जात होता.

मग मित्राचा पाऊण इंची टी-हँडल आणि सहा कोनी सॉकेट आणलं. चौकोन जाडीला दीडपट, पण पीळ सोसायची ताकद तिपटीहून जास्त. आधी नटाची ठोकून दाबलेली कडा पंचने उचलली (हे पहिल्यांदा विसरलो होतो, निम्मा दोष तिथेच). चाक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, मीटरभर पाइप. अंगाचा भार टाकला आणि नट कुरकुरत फिरला.

बसवताना नवा नट घेतला आणि मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच, टॉर्क रेंचने (किती पीळ दिला ते मोजणाऱ्या पान्याने) आवळला.

हे हत्यार रोजचं नव्हे. अ‍ॅक्सल नट, इंजिनच्या क्रँक पुलीचा बोल्ट, ट्रॅक्टरची चाकं, एवढ्यालाच. ८ मिमीच्या बोल्टला लावलंत तर हाताला कळायच्या आत डोकं तुटून येईल. आणि पायावर पडू देऊ नका. माझा अंगठा अजून काळानिळा आहे.